घाईत बसवलेलं दार

गाडी तयार झाली ती लिंडसेच्या मयतासाठी. मग लिंडसे मेलाच नाही, आणि सगळ्यांची पंचाईत झाली.

लिंडसे म्हणजे माझा नवरा. पीटरबरोच्या रेल्वे वर्कशॉपात जन्मभर फिटर होता, आणि वर्कशॉप बंद पडल्यापासून आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका जुन्या होल्डन गाडीच्या मागे लागला. एफजे होल्डन, चोपन्न सालची, चार दारांची. आणली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसली होती. आमची मुलगी रोवेना तेव्हा शाळेत जायची. आता तिची मुलं शाळा संपवायला आलीत. मधल्या काळात गाडी दोनदा पूर्ण सुटी झाली आणि एकदाही पूर्ण जोडली गेली नाही. सांताक्लॉजला मागायचं काय, असं कुणी विचारलं तर रोवेना लहानपणी म्हणायची, डॅडींच्या गाडीला चाकं. मला स्वतःला त्या गाडीचा केव्हाच वीट आला होता. सवत म्हणून राग धरावा, तर तेवढी देखणीसुद्धा नव्हती ती.

आमच्या भागात जुन्या गाड्यांचा एक क्लब आहे. आजूबाजूच्या चार गावांतले म्हातारे आणि त्यांना सहन करणाऱ्या आम्ही बायका, एवढाच. क्लबातलं कुणी गेलं, की शवपेटीच्या पुढे त्याची स्वतःची गाडी चालते. गाडी अर्धवट असेल तर सगळे जमून ती पुरी करतात आणि मगच माणसाला नेतात. अर्धवट गाडी पुढे घालून कुणाला न्यायचं नाही, हा रिवाज. त्यात मेलेल्याचा अपमान होतो असं ते मानतात. स्टॅन ट्रेझाइझच्या वेळी बॉनेटचा रंग ओला होता, दफनभूमीपर्यंत त्यावर माश्या चिकटत गेल्या. पण गाडी पुरी होती, आणि स्टॅनची बायको ते अजून सांगते.

हिवाळा लागताना लिंडसेच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन ॲडलेडला झालं आणि जखमेत पू झाला. ताप उतरेना, तो मला ओळखेना. एका सकाळी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, मुलीला बोलावून घ्या. मी बोलावून घेतलं. गावात ही बातमी कशी पोचली देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी बेव्ह आणि अर्नी इस्पितळात हजर.

बेव्ह आमच्या क्लबाची अध्यक्ष. मेंढ्यांच्या लिलावात ओरडून ओरडून तिचा आवाज असा झालाय, की ती कानात काही सांगते तेही रस्त्यापलीकडे कळतं. अर्नी नोस्के लिंडसेचा जिवलग. वर्कशॉपात दोघं शेजारी शेजारी उभे राहायचे आणि एकाच यंत्राने दोघांचा एकेक कान गेला.

"ग्लेनिस, शेडची किल्ली लागेल गं," बेव्ह म्हणाली. तिने आवाज खाली आणला होता. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

अर्नी भिंतीवरच्या समुद्राच्या चित्राकडे बघत उभा होता.

मी पर्समधून किल्ली काढून दिली. रडले नाही. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगते: चला, निदान ती गाडी तरी एकदाची संपेल. इतके दिवस खुर्चीत झोपलेल्या बाईच्या मनात याहून चांगलं काही येत नाही. आलं असतं तर मलाही आवडलं असतं.

शनिवारी न्यायचं असं धरून ते कामाला लागले. सगळा क्लब आमच्या शेडमध्ये. कुणी काचा आणल्या, कुणी सीट शिवली, कुणी घरून पेस्ट्या भाजून आणल्या, बटाटा आणि मटण घातलेल्या, आणि सगळे उभ्या उभ्या खात होते. रोवेना कपडे आणायला घरी गेली होती, तिने फोनवर सांगितलं, "मम, जत्रा भरलीय. आणि सगळे गप्प आहेत."

आणि गुरुवारी लिंडसेने डोळे उघडले आणि विचारलं, "फुटबॉलचं काय झालं?"

आमची टीम हरली होती. मी तसं सांगितलं.

"मग उगाच उठलो," म्हणाला.

बेव्हला फोन केला तर ती आधी ओरडली, मग रडली, मग एकदम गप्प झाली. "अगं, पण गाडी तर होत आलीय! आता काय करायचं?" मी म्हटलं, होऊ दे पुरी, त्याला आनंदच होईल. तिला ते पटलं. मलाही पटलं. घरी आल्याची भेट म्हणायची, असं फोनवरच ठरलं, आणि बाकीचं कुणी कुणाला बोलायचं नाही हे न ठरवताच ठरलं.

आम्ही परत आलो त्या दिवशी फाटकापाशी सगळे उभे होते. कुणीतरी सॉसेज भाजत होतं. बेव्हच्या हातात लॅमिंग्टन केकचं ताट, आणि वाऱ्याने त्यावरचं खोबरं उडून तिच्या कोटभर झालेलं. मधोमध होल्डन. लिंडसेने फडताळात जपून ठेवलेल्या डब्यातलाच तो राखाडी-हिरवा रंग. कुणीतरी आरशाला निळी फीत बांधली होती.

"अरे," लिंडसे म्हणाला.

"काय, बसली ना दातखिळी?" बेव्ह ओरडली. "एरवी चकती आणि स्क्रूवर तासभर डोकं खातोस!"

सगळे हसले. तो काठी टेकत गाडीभोवती फिरला. बॉनेटवर हात ठेवला. मग ड्रायव्हरच्या बाजूला आला, दार आणि पुढचं मडगार्ड यांच्यामधल्या फटीवर अंगठा ठेवला आणि वरून खाली ओढत नेला. अंगठा मध्येच थांबला. मला ते दिसलं, कारण त्याच्या हातांकडे बघण्यात माझा संसार गेला. अर्नीलाही दिसलं, कारण तो एकदम वळून सॉसेज उलटवायला लागला, जे त्याचं काम नव्हतं.

"फार सुंदर झालीय," लिंडसे म्हणाला. "तुमचे आभार कसे मानू?" त्याने एकेकाचा हात हातात घेतला. त्याला चाकामागे बसवलं, अर्नी शेजारी बसला, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि ते दोघं मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उतरून त्याने दार लावलं, तेव्हा खळ्ळ असा आवाज झाला. लिंडसेने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, टाके दुखले.

दुसऱ्या दिवसापासून तो व्हरांड्यात बसायला लागला. जन्मभर मी म्हणत आले होते, अरे, त्या शेडमधून जरा घरात ये. आता आला तर जाईना. नर्सने सांगितलं होतं रोज चाला. हा फाटकापर्यंत जात नव्हता. सूप निवून त्यावर साय धरायची. समोरच्या तारेवर गुलाबी काकाकुव्यांचा थवा कलकलाट करायचा आणि हा त्यांच्याकडे असा बघायचा, की जणू ते बोलतात ते सगळं त्याला आधीच माहीत आहे. मी उठवायची, धुवायची, पुसायची, गोळ्या द्यायची. तो मुकाट करून घ्यायचा. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी इतकी दमून गेले होते, की कप विसळायचा राहिला तर त्यातच दुसरा चहा ओतून प्यायची.

गावातल्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, जखम छान भरलीय, हृदयही चांगलं चाललंय, मग वजन का उतरतंय? मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या हातात होतं ते झालं. आता पुढचं त्यांनी मनावर घ्यायला हवं."

तेव्हा मला भीती वाटली. इस्पितळात वाटली नव्हती अशी. तिथे मरण त्याच्या मागे लागलं होतं. इथे हाच त्याची वाट बघत खुर्ची टाकून बसला होता.

अर्नी यायचा. दोघं शेजारी बसून पावसाबद्दल बोलायचे, जो आमच्याकडे कधी पडत नाही. एका दुपारी अर्नी म्हणाला, "रविवारी सगळे ओरूरूला निघालोय. गाडी घेऊन येतोस ना?"

"बघू."

"अरे, बघू काय? नवरीसारखी नटून उभी आहे ती, आणि हा म्हणतो बघू!"

"बघू रे, अर्न."

अर्नी थोडा वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत बसला आणि गेला. मी वाळलेले कपडे घेऊन व्हरांड्यात आले आणि घड्या घालायला लागले.

"ग्लेन," लिंडसे म्हणाला, "अर्नी घाई करणारा माणूस आहे का गं?"

"अर्नी? चहात साखर ढवळायला त्याला अर्धी सकाळ लागते."

"तेच म्हणतो मी. ड्रायव्हरच्या बाजूचं दार बघितलंस? वर फटीत करंगळी जाते आणि खाली नखसुद्धा शिरत नाही. मागून लोंबतंय. अर्नीनेच बसवलंय, त्याचा हात मी ओळखतो. असं दार अर्नी जन्मात सोडायचा नाही. त्याला कुणीतरी घाई केली."

मी उशीच्या अभ्र्याची घडी घातली. मग ती मोडून पुन्हा घातली.

"भेटीला कसली आलीय घाई?" तो म्हणाला. "मी महिनाभराने आलो असतो तरी ती भेटच होती. आपल्या क्लबात घाई एकाच कामाला करतात."

काकाकुवे ओरडत होते.

"मला कधी पुरणार होतात?"

मला चांगलं खोटं बोलता येतं. पण खोटं बोलायचं म्हणजे पुढे ते सांभाळत बसायचं, आणि सांभाळण्यासारखं माझ्याकडे आधीच पुष्कळ होतं. "शनिवारी," मी म्हटलं. "डॉक्टरीणबाईंनी रोवेनाला बोलवायला सांगितलं होतं. बेव्हने किल्ली मागितली आणि मी दिली."

लिंडसे हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

"म्हणजे सगळं झालंच होतं की," तो म्हणाला. "गाडी झाली, मीही झालो. आता मीच नुसता लांबण लावतोय."

"लाज वाटते का जरा?" मी अभ्रा फेकला. तो त्याच्या डोक्यावर पडला, पडू दे. "तिथे खुर्चीत बसून बसून माझी पाठ मोडली ती हे ऐकायला? मरायचं होतं तर तिथेच मरायचंस! सगळी तयारी होती!"

"चिडू नकोस गं." त्याने अभ्रा काढून मांडीवर ठेवला. "ते चांगले लोक आहेत. मी त्यांच्यावर रागावलेलो नाही. पण ग्लेन, दारं मी शेवटासाठी ठेवली होती."

"म्हणजे काय?"

गाडीबद्दल तो पुष्कळ बोलायचा, पण हे असलं कधी बोलला नव्हता.

"पत्रा ठोकून सरळ करायचा. शिसं वितळवून भरायचं, घासायचं. मग दार लावून बघायचं. बसत नाही. काढायचं, बिजागरीखाली कागदाएवढी पातळ चकती घालायची, परत लावायचं. परत नाही. असं करत करत एक दिवस तू दार नुसतं सोडून देतेस आणि ते आपलं आपण जातं आणि लागतं. आपटावं लागत नाही. दबका आवाज येतो, बस. त्या आवाजासाठी केलं मी सगळं. बाकीची गाडी कुणीही जोडली असती तरी माझी हरकत नव्हती."

इतकी वर्षं मी समजत होते की त्याला गाडी हवी आहे. आणि हा गडी एका आवाजासाठी शेडमध्ये बसला होता. मला रडायला आलं आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं.

"मग काढ ना ते दार. परत बसव," मी म्हटलं.

"आता? मला किटली उचलवत नाही. आणि अर्नीने बसवलेलं दार मी उतरवलं तर त्याला काय वाटेल?"

"काय वाटायचं ते वाटू दे!"

मी उठले आणि शेडमध्ये गेले. बोल्ट फिरवायचे पाने भिंतीवर ओळीने टांगलेले होते. कुठला कशाला लागतो ते मला काय ठाऊक? लावून लावून बघितले, एक बसला. दार उघडलं तर ते माझ्या हातात किंचित खाली आलं. मला, ज्या मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, त्या मलासुद्धा ते कळलं. मग मी वरच्या बिजागरीच्या बोल्टला पाना घातला आणि अंगात जे काही उरलं होतं ते सगळं त्यावर टाकलं. बोल्ट करकरला.

"वरचा नको!"

मागे वळून बघते तर लिंडसे. सपाता घालून, काठी न घेता, अख्खं अंगण ओलांडून आलेला. छातीवर हात धरून श्वास घेत होता.

"वरचा आधी काढलास तर दार पायावर येईल, बावळट! खालचा आधी. आणि खाली खोका दे, त्यावर घोंगडी घाल. रंग खरवडलास तर बघ."

किती दिवसांनी माझ्यावर ओरडला होता तो. मला इतकं बरं वाटलं की मीही ओरडले, "मग पाना तूच धर ना!"

"पाना धरतो. तू दार धर."

तो उलट्या डब्यावर बसला आणि बोल्ट थोडा थोडा फिरवायला लागला. मध्येच थांबायचा, दम खायचा, परत फिरवायचा. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला थांब म्हणावंसं वाटत होतं आणि मी म्हटलं नाही. खालची बिजागरी सुटली, मग वरची. दार मोकळं झालं आणि मी ते दोन्ही हातांनी उचलून मागे सरले. लोखंड म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

"माझी टोपी राहिली वाटतं," शेडच्या तोंडाशी अर्नीचा आवाज आला. आणि मग त्याला दार दिसलं. गाडीला नाही, माझ्या हातांत.

पत्रा उन्हाने तडतडत होता.

"फट," अर्नी म्हणाला.

"दिसली," लिंडसे म्हणाला.

"मला झोप नाही रे तेव्हापासून. बेव्हला म्हटलं होतं, अजून दोन दिवस दे. ती म्हणाली, दोन दिवस कुठून आणू, शनिवारी तर..." तो थांबला. त्याची मान लाल झाली.

"माहीत आहे मला. ग्लेनने सांगितलं."

अर्नीने बाहीला नाक पुसलं. मग तीच बाही कोपरापर्यंत सारली आणि पान्यासाठी हात पुढे केला. "आण इकडे. दोघं मिळून संध्याकाळपर्यंत..."

"हात लावू नकोस."

"अरे, पण तुला उचलायचं नाहीये!"

"उचलायला ग्लेन आहे."

"आणि बाकीची तीन दारं?"

"तीही काढायचीत."

"लिन, लेका, असा चकत्या घालत बसलास तर वर्षं जातील. आणि मध्येच..."

"मेलो तर?"

अर्नी स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

"मेलो तर दारांशिवाय न्या," लिंडसे म्हणाला. "चारही बाजूंनी उघडी. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. पण माझ्यामागे कुणी ती पुरी करायची नाही. बेव्हला सांगून ठेव."

"असं आजवर कुणाला नेलेलं नाही रे."

"मग मला न्या."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि त्या दाराचं सगळं वजन माझ्या हातांवर. खांद्यांतून कळा येत होत्या, बोटं सुटायला लागली होती.

"मरायचं तेव्हा मर!" मी ओरडले. "आधी हे दार धरा कुणीतरी!"

अर्नी एक पाऊल पुढे आला आणि थांबला. दोन्ही हात दाराखाली पसरलेले, पण दाराला न लागलेले. लिंडसेकडे बघत राहिला.

"धर," लिंडसे म्हणाला. "पण नुसतं धर."